साखळी उचलून धरताना

चादर बदलायची तर आधी साखळी उचलावी लागते.
डाव्या हाताने साखळी, उजव्याने माणूस.
साखळी जड आहे.
क्लिफर्ड थॅकरे, वय एकाहत्तर, वजन बेचाळीस किलो,
खाट पाच, खिडकीकडची.
बाहेर वेकफिल्डचा कार पार्क आणि जानेवारी.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला बेन्स.
रात्रभर शब्दकोडं सोडवतो.
मी क्लिफर्डची कूस बदलायला आले की उठून
भिंतीकडे तोंड करतो,
साखळी वळू देते तेवढंच.

मिरजेला शिकताना सिस्टर मार्था सांगायच्या,
पेशंटला हात लावण्याआधी आपला हात गरम करून घ्या गं.
मी तळवे चोळते,
आणि मग, कुणाला सांगू नका,
ती कडीही थोडी चोळते.
तक्त्यात लघवी, ताप, मॉर्फिन, सगळ्यांना रकाने आहेत.
लोखंडाला नाही.

फॉर्म तेरा पानांचा.
किती दिवस उरलेत? मोघम नको, नक्की लिहा.
डॉक्टर अडेयेमी पेन दातांत धरून बसल्या.
नोव्हेंबरात त्यांनी सहा महिने लिहिलं होतं,
अर्ज परत आला.
सहा महिने म्हणजे फार झाले.
पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता?
चमचा धरता येत नाही, त्या म्हणाल्या, हे कुठे लिहू?

एकतीस वर्षांपूर्वी पबमागच्या गल्लीत
त्याने कीरन नावाच्या पोराला मारलं.
पोरगं एकोणीसचं.
हे मी विसरत नाही. विसरू नये म्हणून इथेही लिहिते.
त्याची आई अजून आहे, पॉन्टफ्रॅक्टला.
तिचं पत्र फाइलमध्ये होतं, फाइल उघडी राहिली होती:
साखळीत मरू देऊ नका त्याला.
घरीही जाऊ देऊ नका.
माझ्या मुलालाही घरी यायचं होतं.
यापुढे मला विचारू नका.
मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मला तिचं सगळं पटलं,
एकमेकांना छेद देणारंसुद्धा.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी मंजुरी आली.
बेन्सने कुलूप काढलं. पहिली किल्ली चुकीची लागली.
मनगटावर पांढरा पट्टा.
ओळखीचा वाटला. या नोकरीत पहिल्या दिवशी बांगड्या उतरवल्या
तेव्हा माझ्याही हातावर असाच राहिला होता,
पण माझा पुढच्या उन्हाळ्यात भरून आला.

आता तो मोकळा,
आणि जायला जागा नाही.
हॉस्पिसमधली खाट सोमवारी रिकामी होणार.
लीड्सची बहीण फोन वाजू देते.
क्लिफर्डने हात होता तिथेच ठेवला,
साखळी पुरायची तितक्याच अंतरावर.
म्हणाला, चाललास, बेन्स?
बेन्सच्या अंगात कोट चढला होता.
कोटासकट तो खुर्चीत बसला.
सात उभं अडलंय, म्हणाला. पाच अक्षरं.

शनिवारी पहाटे.
दोघींनी मिळून चादर काढली. किती चटकन निघाली,
आणि मला त्या चटकनचाच राग आला.
संगणक विचारतो: सुटका की मृत्यू, एकच निवडा.
मिरजेच्या वॉर्डात नातेवाईक दारातूनच म्हणायचे, सुटला,
की आम्हाला कळायचं, पुढचं कुणी विचारायचं नाही.
इथे त्याच्यासाठी हे कोण म्हणणार,
म्हणून मीच म्हणायला गेले, हळूच,
तर पॉन्टफ्रॅक्टची ती बाई आठवली
आणि शब्द जिभेवर तसाच राहिला.

पत्त्याचा रकाना रिकामा चालत नाही.
मी वॉर्डचा पत्ता टाकला.

नऊ वाजता पाचवर नवा पेशंट आला, दम्याचा.
म्हणाला, सिस्टर, या खिडकीतून फार गार वारा येतो.
सात आठवड्यांत
क्लिफर्ड एकदाही बोलला नव्हता.